पदवी युरोपात, परवाना भारतात

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात मझौली हा तालुका आहे. विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. गहू, धान आणि हिवाळ्यातील मटार ही तेथील शेतकऱ्यांची पिके. अशा तालुक्यातील शेतकरी किंवा शिक्षकाच्या घरातील मुलगी बारावीनंतर डॉक्टर होण्याचे ठरवते, तेव्हा तिच्यापुढील पर्यायांत आज जबलपूर, भोपाळ, इंदूर यांच्या जोडीने कझान, प्लोव्हदिव्ह, पेच, तिबिलिसी ही नावेही येतात. दोन पिढ्यांपूर्वी ही नावे त्या घरात कोणी ऐकलीही नसती.

युरोपातील विद्यापीठात वैद्यकाची पदवी घेऊन भारतात डॉक्टर होण्याच्या या मार्गाचे अर्थशास्त्र प्रस्तुत लेखात तपासले आहे. त्यासाठी मझौलीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तेथे एकत्र दिसतात. डॉक्टर होण्याची आकांक्षा तेथे आहे आणि डॉक्टरांची वाणही तेथेच आहे. मराठी वाचकांना हा तालुका फार दूरचा वाटू नये. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि भोसल्यांच्या काळापासून जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. मझौलीविषयी जे म्हणावयाचे ते भंडारा-गोंदियाच्या तालुक्यांनाही बव्हंशी लागू पडते.

पदवी आणि परवाना

वैद्यकीय शिक्षणाची चर्चा करताना दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. विद्यापीठ देते ती पदवी. रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार देतो तो परवाना, आणि तो देण्याचा अधिकार त्या त्या देशातील वैधानिक संस्थेचा असतो. हा फरक नवा नाही. ब्रिटनमध्ये १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदवही तयार झाली आणि परदेशी पदवीच्या बळावर त्या नोंदवहीत नाव घालण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. एडिंबरो विद्यापीठाने स्त्री म्हणून पदवी नाकारलेल्या एडिथ पीची यांनी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथून एम.डी. मिळवली, परंतु परवान्यासाठी त्यांना त्याच वर्षी डब्लिनच्या संस्थेची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागली. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची सूत्रे सांभाळणाऱ्या डॉ. पीची त्या याच.

त्यांच्याच प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. बालविवाहाच्या खटल्यामुळे त्यांचे नाव देशभर गाजले होते. त्यांच्या शिक्षणाचा तपशील मात्र कमी सांगितला जातो. लंडनमध्ये शिक्षण, एडिंबरो व ग्लासगो येथील संस्थांच्या परीक्षा आणि ब्रसेल्सची एम.डी. अशी ही वाट होती. १८९४ मध्ये त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. शिक्षण एके ठिकाणी, परवाना दुसरीकडे, पदवी तिसरीकडे. आज एखाद्या विद्यार्थिनीचा मार्ग असा असता तर सल्ला देणाऱ्या दलालाने त्याला ‘पॅकेज’ म्हटले असते!

गोव्याचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. पणजी येथे १८४२ मध्ये वैद्यक-शल्य विद्यालय स्थापन झाले. आशियातील आधुनिक वैद्यकाच्या सर्वांत जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते. परंतु तेथे शिकलेल्या डॉक्टरला खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करावयाचा असेल तर लिस्बन, पोर्तो किंवा कोइंब्रा येथे पुन्हा शिक्षण घ्यावे लागे. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींच्या आरोग्यसेवेत मात्र हेच गोमंतकीय डॉक्टर मोठ्या संख्येने चालत. मान्यता ही गुणवत्तेची पावती असते तशीच ती सत्तेचीही भाषा असते, हे येथे दिसते. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातूनच १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा आला. स्वातंत्र्यानंतर, १९७५ मध्ये, हाच प्रसंग पुन्हा घडला आणि ब्रिटनमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय डॉक्टरांना परीक्षा द्यावी लागू लागली.

भारताने अशी चाळणी लावली ती बरीच उशिरा. २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मार्च २००२ पासून परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला येथे नोंदणीसाठी चाळणी परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत ३०० प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात, चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, आणि इतर उमेदवारांशी स्पर्धाही नसते. परीक्षेचे स्वरूप पाहता ती अवघड म्हणता येणार नाही. निकाल मात्र वेगळेच सांगतात.

बाहेर जाण्याचे कारण

जुन्या मध्य प्रांतातील विद्यार्थ्यांना वैद्यकासाठी प्रांताबाहेर जाण्याची सवय जुनीच होती. नागपूरच्या रॉबर्टसन वैद्यकीय शाळेत परवानाधारक चिकित्सक तयार होत, पदवीची सोय नव्हती. पुढे १९३७-३८ मध्ये या प्रांताचे पंतप्रधान झालेले डॉ. ना. भा. खरे जबलपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकले आणि वैद्यकासाठी लाहोरला गेले. नागपूरला १९४७ मध्ये आणि जबलपूरला १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, तेव्हा ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. लाहोर, मुंबई किंवा कलकत्ता येथे मिळालेल्या पदवीला परवान्याचा प्रश्न नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

आजचे स्थलांतर वेगळ्या कारणाने होते. २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेला सुमारे २३ लाख ३० हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी सुमारे १३ लाख ‘पात्र’ ठरले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. २०१४ पूर्वी त्या जेमतेम ५१ हजार होत्या, म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली. ही वाढ मोठी आहे यात शंका नाही. तरीही पात्र ठरलेले जवळजवळ १२ लाख विद्यार्थी बाहेर राहतात. २०१८ पासून परदेशी प्रवेशासाठीही ‘नीट’ची पात्रता आवश्यक झाली, पण तेथे लागते ती केवळ पात्रता, गुणानुक्रम नव्हे. परदेशी प्रवेशाचा सारा बाजार या फरकावर उभा आहे. ‘तुमची मुलगी पात्र आहे’ हे वाक्य दलाल उच्चारतो तेव्हा ते खरे असते, आणि म्हणूनच त्याचा मोह पडतो.

शासकीय महाविद्यालयातील जागा हुकली की खासगी महाविद्यालयाचा पर्याय राहतो. तेथील एकूण खर्च अनेक ठिकाणी पन्नास लाखांच्या पुढे जातो, काही ठिकाणी कोटीच्या घरात. पूर्व युरोपातील किंवा रशियातील सहा वर्षांचा शिक्षण व निवासाचा खर्च साधारणपणे वीस ते पस्तीस लाखांत बसतो. किमतीची एवढीच तुलना केली तर निर्णय सोपा वाटतो.

युरोप एक नाही

‘युरोपातून एम.बी.बी.एस.’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मूलभूत वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचे आणि ५,५०० तासांचे असावे लागते. बहुतेक देशांत अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे. परंतु भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेथील शिक्षणसंस्थांचे निदान तीन वेगळे प्रकार पडतात.

जर्मनीसारख्या देशात सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नाही. शिक्षण जर्मन भाषेत, परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा मोजक्या आणि प्रवेश कठीण. अभ्यासक्रम राज्य-परीक्षांनी बांधलेला असून शेवटचे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात जाते. दुसरा प्रकार हंगेरी, चेक प्रजासत्ताक, पोलंड, इटली येथील इंग्रजी अभ्यासक्रमांचा आहे. हे अभ्यासक्रम जुन्या, नामांकित विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून सुरू केले. इटलीत पाव्हिया विद्यापीठाने २००९ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केल्यावर इतरही विद्यापीठे त्या वाटेने गेली. तिसरा प्रकार रशिया, जॉर्जिया आणि २०२२ पर्यंत युक्रेन येथील संस्थांचा. भारतीय विद्यार्थ्यांची मोठी संख्या या तिसऱ्या प्रकारात जाते. तेथेही उत्तम विद्यापीठे आहेत. पण दर्जातील तफावत फार मोठी आहे आणि प्रवेशाच्या वेळी ती दिसत नाही.

या संदर्भात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित केलेले नियम महत्त्वाचे आहेत. परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, तो संपूर्ण एकाच संस्थेत व्हावा, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता व्हावी, आणि पदवी मिळाल्यावर त्या देशाच्या नागरिकाइतकाच तेथे व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता असावी, अशा त्यातील मुख्य अटी आहेत. भारतात परतल्यावर आणखी १२ महिने आंतरवासिता करावी लागते. हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पूर्ण झाले पाहिजे.

यांतील ‘नागरिकाइतका परवाना’ ही अट प्रस्तुत लेखकाला सर्वांत उपयुक्त वाटते. जो देश स्वतःच्या रुग्णांवर उपचार करू देणार नाही, त्याने केवळ निर्यातीसाठी डॉक्टर घडवू नयेत, हा तिचा आशय. इंग्रजी माध्यमाच्या अटीबाबत मात्र पुनर्विचार व्हावयास हवा. जर्मन शिकून जर्मनीत सहा वर्षे कसोटीचे शिक्षण घेतलेला आणि तेथे डॉक्टर म्हणून काम करू शकणारा भारतीय विद्यार्थी या अटीमुळे भारतातील नोंदणीच्या वाटेवरून बाजूला पडतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच काढलेला सामान्य दर्जाचा इंग्रजी वर्ग मात्र अट पूर्ण करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशने वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पाठ्यपुस्तके आणली, हे लक्षात घेता ही विसंगती अधिकच ठळक होते.

शिवाय इंग्रजी माध्यम वर्गापुरतेच असते. रुग्णालयातील रुग्ण रशियन किंवा बल्गेरियन बोलतो. ज्याला त्याची भाषा येत नाही त्याच्या वाट्याला खाटेशेजारी उभे राहणे येते, रुग्णाचा इतिहास विचारणे येत नाही. वैद्यकाचे अर्धे शिक्षण या विचारण्यातच असते.

खर्चाचा खरा हिशेब

कुटुंबाचा हिशेब सहसा शुल्क, वसतिगृह आणि विमानाचे तिकीट येथे संपतो. त्यात तीन बाबी राहून जातात : परवाना मिळण्याची शक्यता, लागणारा काळ आणि व्याज.

शक्यतेविषयी आकडे बोलके आहेत. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत चाळणी परीक्षेला ६१,७०८ उमेदवार बसले. ८,७६४ उत्तीर्ण झाले. हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. रशियातून आलेल्यांचे सुमारे १३ टक्के, युक्रेनमधून आलेल्यांचे १५ टक्के, तर बांगलादेशातून आलेल्यांचे २७ टक्के. पुढे निकाल काहीसा सुधारला. जून २०२४ च्या परीक्षेत साधारण पाचांपैकी एक उमेदवार उत्तीर्ण झाला. या परीक्षेची जागा घेणारी ‘नेक्स्ट’ ही सामाईक परीक्षा २०१९ च्या कायद्याने ठरली असली तरी २०२५ मध्येही जुनीच चाळणी परीक्षा घेतली गेली.

या टक्केवारीचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. तोच उमेदवार पुन्हा पुन्हा बसतो आणि प्रत्येक वेळी मोजला जातो. म्हणून ‘वीस टक्के उत्तीर्ण’ म्हणजे ‘ऐंशी टक्के कधीच डॉक्टर होत नाहीत’ असे नव्हे. समजा, प्रत्येक प्रयत्नात यशाची शक्यता एक चतुर्थांश आहे. चार प्रयत्नांत, म्हणजे दोन वर्षांत, शंभरांपैकी सुमारे ६८ जण पार होतील. ३२ जण दोन वर्षांनंतरही दाराबाहेर असतील. प्रत्यक्षात वारंवार अपयशी होणाऱ्याची शक्यता हळूहळू घटत असणार, त्यामुळे हा अंदाज उदारच म्हणावा लागेल.

आता काळ आणि व्याज एकत्र पाहू. समजा, तीस लाखांच्या खर्चापैकी वीस लाख कर्ज आहे, ते सहा समान वार्षिक हप्त्यांत उचलले आणि व्याज दरसाल सरळ १० टक्के आहे. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढी परतफेडीची सवलत असते. म्हणजे सातव्या वर्षाअखेर परतफेड सुरू होईल, आणि तोवर व्याज झाले असेल नऊ लाख. परंतु विद्यार्थिनी सहा वर्षांनी परतली, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली आणि लगेच आंतरवासिता मिळाली, तरी परवाना हाती येईपर्यंत साडेसात वर्षे होतात. म्हणजे सर्वोत्तम परिस्थितीतही पहिला हप्ता आंतरवासितेच्या विद्यावेतनातून किंवा वडिलांच्या शेतातून द्यावा लागतो. त्यानंतर हुकलेला प्रत्येक प्रयत्न केवळ मुद्दलावर एक लाख रुपये व्याज वाढवतो. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागते. मझौलीसारख्या ठिकाणी तारण म्हणजे बहुधा जमीन किंवा राहते घर. जबलपूरच्या परिसरात पावसाचे पाणी बांधात अडवून त्यावर गहू पिकविण्याची ‘हवेली’ पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा बांधाच्या शेताची किंमत बँकेच्या कागदावर मावत नाही, पण जप्ती आली तर ती त्या कागदावरच येते.

फेब्रुवारी २०२२ मधील युक्रेन युद्धाने या हिशेबात आणखी एक जोखीम दाखवून दिली. ‘ऑपरेशन गंगा’द्वारे हजारो विद्यार्थी सुखरूप परत आले, ही शासनाची मोठी कामगिरी होती. शिक्षणाचे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिक्षण पूर्ण करण्यास मुभा दिली आणि शेवटच्या टप्प्यात अडकलेल्यांना २०२३ मध्ये भारतातच परीक्षा देण्याची एक संधी मिळाली. तोवर गेलेल्या महिन्यांचे व्याज कोणत्याही परिपत्रकाने माफ झाले नाही.

रुग्ण कोणता पाहिला?

बांगलादेशातील पदवीधरांचा निकाल रशियातील पदवीधरांच्या दुप्पट का लागतो? अभ्यासक्रमातील साम्य हे एक कारण. दुसरे कारण रुग्णांत आहे. तेथील प्रभागात जे आजार दिसतात, तेच भारतीय परीक्षेत विचारले जातात.

मझौलीच्या परिसरात डॉक्टरला काय पाहावे लागते याचा विचार करावा. पावसाळ्यात सर्पदंश आणि हिवताप, बारमाही क्षयरोग, गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय. पूर्वेकडील मंडला-दिंडोरीच्या आदिवासी भागातून जबलपूरला येणाऱ्या रुग्णांत सिकलसेलचा विकार. आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपुरातच आहे आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाले. यांतले किती रुग्ण कझान किंवा प्लोव्हदिव्हच्या रुग्णालयात दिसणार? याउलट हृदयविकार, कर्करोग, वार्धक्यातील आजार यांचे शिक्षण तेथे चांगले मिळू शकते. युरोपीय पदवी कमी प्रतीची ठरते असे नाही. ती वेगळ्या लोकसंख्येसाठी घडवलेली असते. परतल्यानंतरची बारा महिन्यांची आंतरवासिता या मार्गाचा गाभा ठरते ती त्यामुळे.

प्रत्यक्षात तिच्याकडे उरलेली औपचारिकता म्हणून पाहिले जाते. परदेशातून आलेल्यांच्या आंतरवासितेसाठी २०२२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागांवर साडेसात टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली; शुल्क घेऊ नये आणि विद्यावेतन इतरांइतकेच द्यावे, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. त्या मर्यादेमुळे पुष्कळांना उत्तीर्ण होऊनही जागेसाठी ताटकळावे लागले.

मझौलीच्या वाट्याला काय?

जुलै २०२४ मध्ये देशातील नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांची संख्या १३ लाख ८६ हजारांवर होती. आयुष डॉक्टर धरून ८३६ लोकांमागे एक डॉक्टर, असे शासनाचे गणित आहे. सरासरी दिलासा देणारी आहे. पण सरासरी डॉक्टर मझौलीत राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सामुदायिक आरोग्य केंद्र असते, महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाच्या तोडीचे. तेथे शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असे निकष सांगतात. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक केंद्रांत अशा तज्ज्ञांची कमतरता जवळजवळ ८० टक्के होती. युरोपातून आलेली एम.बी.बी.एस. समकक्ष पदवी ही पोकळी थेट भरून काढत नाही. आठ-नऊ वर्षे आणि कर्जाचा डोंगर मागे टाकून आलेली तरुण डॉक्टर अल्प वेतनाच्या ग्रामीण पदाऐवजी शहरातील खासगी रुग्णालयाकडे वळली, तर तिला दोष देता येणार नाही. कर्जाचा हप्ताच तिचा मार्ग ठरवीत असतो. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यावर ग्रामीण सेवेचे बंधन असते, कारण त्याच्या शिक्षणावर शासनाने खर्च केलेला असतो. हिच्या शिक्षणाचा सारा खर्च शेताने केला आहे.

येथे धोरणाला वाव आहे आणि तो फार खर्चिकही नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने चाळणी परीक्षेचे देशनिहाय व संस्थानिहाय निकाल वेळोवेळी प्रसिद्ध केले आहेत. हे तक्ते हिंदी-मराठीत, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि ‘नीट’च्या निकालाच्या आठवड्यातच पालकांच्या हाती पडावयास हवेत. बँकेने कर्ज मंजूर करताना संबंधित संस्थेचा हा निकाल अर्जाला जोडणे सक्तीचे करावे. तारण घेणाऱ्या बँकेला जमिनीचा सातबारा किंवा खसरा तपासता येतो, तर विद्यापीठाचा निकाल का नाही? परतफेडीची सवलत ‘अभ्यासक्रम अधिक एक वर्ष’ याऐवजी परवाना मिळेपर्यंत, निदान अभ्यासक्रमानंतर तीन वर्षांपर्यंत असावी.

आंतरवासितेचे बारा महिने केवळ वैद्यकीय महाविद्यालयांना बांधून न ठेवता जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडलेली सामुदायिक केंद्रे यांतही विभागता येतील. त्यातील चार महिने मझौलीसारख्या केंद्रात ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेले, तर बुंदेली वळणाच्या हिंदीत रुग्णाला ‘कब से तकलीफ है’ विचारण्यापासून सर्पदंशावरील प्रतिविषाची मात्रा ठरविण्यापर्यंत जे सहा वर्षांत राहून गेले ते भरून निघेल. अशा केंद्रात पुढे तीन वर्षे राहण्यास तयार असणाऱ्यांच्या कर्जावरील व्याज राज्याने उचलावे. वर उल्लेखिलेल्या उदाहरणात वीस लाखांवर ही रक्कम वर्षाला दोन लाख होते, म्हणजे महिन्याला सतरा हजारांहूनही कमी.